६२ म्हणजे ६२ टक्के नव्हे

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही सहा वर्षांपूर्वी पुण्याहून अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला आलो. मोठी मुलगी तिसरीत आहे, धाकटा ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल. गेल्या आठवड्यात मोठीच्या 'मॅप' टेस्टचा रिपोर्ट आला. वाचनात ८१, गणितात ६२. नवऱ्याने तो फॅमिली ग्रुपवर टाकला. सासरे सांगलीला हेडमास्तर होते. लगेच त्यांचा फोन : "६२ म्हणजे जेमतेम फर्स्ट क्लास. आणि तेही गणितात? आपल्या घरात?" मुलगी रडत म्हणाली, अर्धे प्रश्न मला आलेच नाहीत. आता टेस्टचं नाव काढलं की तिचं पोट दुखतं, आणि एप्रिल-मेमध्ये स्टेटची मोठी परीक्षा आहे. मैत्रिणी म्हणतात, क्लास लाव. एक म्हणते, बसवूच नकोस, चिठ्ठी दिली की सोडतात. धाकट्याच्या फॉर्मवर घरात कोणती भाषा बोलता असं विचारलंय. सगळे सांगतात 'इंग्लिश' लिही, नाहीतर त्याचीही परीक्षा घेतील. शेजारचा नववीतला मुलगा आत्तापासूनच एसएटीच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या, क्लासला जातो. आम्ही कुठे कमी पडतोय का?
— एक आई, सनीवेल

उत्तर :

तुमच्या सासऱ्यांपासून सुरुवात करते, कारण त्या फोननंतर तुमच्या घरातलं वातावरण बदललंय असं पत्रावरून वाटतं.

त्यांचं काही चुकलं नाही. ज्या माणसाने जन्मभर शंभरपैकी किती ते पाहिलं, त्याच्यासमोर ६२ आला की तो साठाच्या वर फर्स्ट क्लास, पंचाहत्तरच्या वर डिस्टिंक्शन असंच वाचणार. पण हे ६२ टक्के नाहीत. हा पर्सेंटाइल आहे. देशभरातली तिसरीची शंभर मुलं रांगेत उभी केली, तर तुमच्या मुलीच्या मागे साधारण ६२ जण उभे आहेत. मधल्या मुलापेक्षा ती पुढे आहे. बस्, एवढाच त्याचा अर्थ.

यावर तुम्ही मनात म्हणाल, ताई, पर्सेंटाइल आम्हाला कळतो, पुतण्याच्या सीईटीत पाहिलाय, आणि तिथे ६२ म्हणजे काहीच नाही. अगदी बरोबर. पण तिथे जागा मोजक्या आणि रांगेत सगळे त्या जागेसाठीच उभे. इथे रांगेत सगळी मुलं आहेत आणि रांगेच्या टोकाला कसलीही जागा नाही. तिसरीच्या या आकड्यावर पास-नापास ठरत नाही, कुठला दाखला मिळत नाही. आपल्यापैकी ज्यांनी चौथीच्या स्कॉलरशिपची यादी लागलेली पाहिली आहे, त्यांच्या अंगात 'एक पेपर, एक निकाल' असं मुरलेलं असतं. मी अजून तशीच आहे. एकोणीस वर्षं इथल्या सार्वजनिक शाळेत शिकवते, तरी निकालाचं पान उघडताना हात थोडा थबकतो.

आता अर्ध्या प्रश्नांचं. पत्रातलं हे एक वाक्य वाचून मला तुमच्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटलं. मॅपची परीक्षा कॉम्प्युटरवर होते आणि ती उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडते. बरोबर आलं की पुढचा अवघड, चुकलं की पुढचा जरा सोपा. असं करत करत ती मुलाला अशा जागी आणते, जिथे त्याला साधारण अर्धे प्रश्न येतात आणि अर्धे चुकतात. परीक्षेची रचनाच तशी आहे. तिसरीतल्या हुशार मुलाला पाचवीचे प्रश्न विचारले जातात आणि तोही निम्मे चुकतो. म्हणजे तुमची मुलगी खरं तेच सांगत होती, आणि तिच्याच काय, वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत ते खरं होतं. फक्त तिला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. आज रात्री सांगा. "प्रश्न अवघड व्हायला लागले ना, की समज तू चांगलं चालली आहेस." माझ्या वर्गात परीक्षेच्या आदल्या दिवशी मी हे एकदा सांगते, आणि दरवर्षी दोन-तीन चेहरे सैल पडलेले दिसतात.

आकडा किती ताणायचा तेही सांगते. रिपोर्टमध्ये पर्सेंटाइलच्या शेजारी आरआयटी नावाचा आणखी एक आकडा असेल. तो खरा मोजमापाचा आकडा, आणि त्यात दोन्ही बाजूंनी तीनेक गुणांचा हलता काटा धरलेला असतो. तिसरीच्या गणितात तेवढ्या फरकाने पर्सेंटाइल पन्नाशीच्या थोडा वरपासून सत्तरपर्यंत कुठेही जातो. म्हणजे ६२ हा बिंदू नाही, पट्टा आहे. सर्दी, अपुरी झोप, शेजारच्याची सारखी चुळबुळ, एवढ्यानेही मूल या पट्ट्यात वर-खाली होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाने एकदा अख्खी परीक्षा नऊ मिनिटांत उरकली. प्रश्न न वाचता फटाफट क्लिक केलं की यंत्राला संशय येतो आणि ते परीक्षा थांबवून शिक्षकाला इशारा देतं. तसं माझ्या स्क्रीनवर आलं. विचारलं, का रे? म्हणाला, संपल्यावर बाहेर खेळायला सोडणार असं तुम्हीच म्हणालात. त्याचा तो आकडा आईवडिलांनी पाहिला असता, तर तेही क्लासच्या दारात उभे राहिले असते.

मग हा रिपोर्ट कशासाठी वाचायचा? मी पालकांना सांगते, एकूण आकडा झाका आणि खालचे भाग बघा. गणिताच्या खाली संख्या आणि क्रिया, मोजमाप आणि माहिती, भूमिती असे तुकडे असतात. एखादा तुकडा बाकीच्यांहून बराच खाली असेल, तर तिथे बोट ठेवून शिक्षिकेला विचारा. बऱ्याचदा तिथे बुद्धीचा नाही, भलताच प्रश्न निघतो.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मराठी मुलगी होती. गणितात बाकी सगळं झकास, मोजमापात मात्र खड्डा. मी तिला घड्याळ काढून दिलं आणि 'क्वार्टर पास्ट फोर' दाखवायला सांगितलं. तिने मोठा काटा पाचावर नेला. चार वाजून पंचवीस मिनिटं. असं का? कारण क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, म्हणून क्वार्टर म्हणजे पंचवीस, हे तिला पक्कं माहीत होतं. नाण्यांच्या धड्यात आम्हीच ते शिकवलं होतं. इथल्या मुलांची ही चूक इतकी नेहमीची आहे की शिक्षकांना ती पाठ असते. मी इकडेतिकडे पाहिलं, ऐकायला कोणी नव्हतं, आणि हळूच मराठीत विचारलं, "सव्वाचार म्हणजे किती गं?" काटा सरळ तिनावर. "आणि पावणेपाच?" तोही बरोबर. आजी दोन उन्हाळे येऊन राहिली होती आणि चहाच्या वेळा अशाच सांगायची. मुलीला वेळ कळत होती. इंग्रजीतला एक शब्द दोन ठिकाणी बसलेला होता, तो उचलून वेगळा करायला दहा मिनिटं लागली. पुढच्या वेळी तिचा आकडा वर गेला. कोणी विचारलं असतं कुठला क्लास, तर काय सांगितलं असतं?

तुमच्या मुलीचंही असंच असेल असं मी म्हणत नाही. कदाचित तिचं अपूर्णांकांत अडलं असेल, कदाचित कुठेच नसेल. पण क्लासची फी भरायच्या आधी हे बघायला पंधरा मिनिटं पुरतात. तिच्या शिक्षिकेला ईमेल करा. सप्टेंबरच्या टेस्टपासून जानेवारीच्या टेस्टपर्यंत ती किती पुढे सरकली आणि कोणता भाग मागे आहे, एवढंच विचारा. 'माझी मुलगी वर्गात कितवी' हे मात्र विचारू नका. त्याचं उत्तर आम्ही देत नाही, आणि विचारणारे बहुतेक आपलेच असतात.

हे सगळं ऐकूनही क्लास लावावासा वाटला तर लावा, पण तिला गंमत वाटते म्हणून लावा. पोट दुखणाऱ्या मुलीला आठवड्यातून दोनदा आणखी वर्कशीट दिल्या, तर ६२ चे ७० होतील न होतील, पोटदुखी मात्र वाढेल.

आता एप्रिल-मेची स्टेटची परीक्षा. ती का असते, हे कळलं की तिची भीती बरीच उतरते. २००२ च्या जानेवारीत बुश यांनी 'कोणतंही मूल मागे राहू नये' अशा नावाच्या कायद्यावर सही केली, आणि तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा सगळ्या राज्यांना बंधनकारक झाली. त्या कायद्याने २०१४ पर्यंत देशातली शंभर टक्के मुलं ठरलेल्या पातळीवर आणायचं ठरवलं होतं. कुठल्याही शिक्षकाने ते वाक्य वाचून कपाळाला हात लावला असता, आणि लावलाही. २०१५ मध्ये ओबामांच्या काळात तो कायदा बदलला. शाळांवरच्या शिक्षांचा जाच कमी झाला, पण तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा ही परीक्षा राहिली. आपल्या कॅलिफोर्नियात हायस्कूलची अकरावीत होते. हा सगळा खटाटोप शाळेला जोखण्यासाठी आहे. गरीब घरातली मुलं, नुकतीच इंग्रजी शिकणारी मुलं, अपंग मुलं, यांचे निकाल वेगळे काढून जाहीर करावे लागतात, म्हणजे चांगल्या सरासरीखाली त्यांना झाकता येत नाही. या परीक्षांवर माझे हजार आक्षेप आहेत, पण ही एक गोष्ट मी मान्य करते. आणि तुम्ही सनीवेलमध्ये घर शोधताना शाळेला दहापैकी किती रेटिंग आहे ते पाहिलंच असेल ना? तो आकडा बराचसा याच परीक्षांतून येतो. भाडं आपण त्याच आकड्याचं भरतो!

चिठ्ठी देऊन मुलाला या परीक्षेतून वगळता येतं, हे तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात तशी तरतूद आहे, पालकांचा लेखी अर्ज शाळेला मान्य करावा लागतो. माझ्या शाळेतल्या पालकांना 'अर्ज करा' असं मी सुचवू शकत नाही, नियमच आहे. सदरातून मात्र मत सांगते : तुमच्या मुलीला बसू द्या. निकाल काय लागेल याने तिचं काही बिघडत नाही, आणि घरी बसवलं तर 'ही गोष्ट इतकी भयंकर आहे की आईने मला लपवलं' एवढंच तिच्या लक्षात राहील. पण दोन महिन्यांत पोटदुखी रोजची झाली, झोप उडाली, तर चिठ्ठी द्या आणि स्वतःला अजिबात बोल लावू नका. डॉक्टरांनाही दाखवा. पोट नेहमी टेस्टनेच दुखतं असं नाही.

त्या दिवसांत वर्ग कसा दिसतो ते तिला आधी सांगून ठेवा, कारण मुलं त्यालाच जास्त बिचकतात. भिंतीवरचे पाढे, शब्दांचे तक्ते आम्ही कागदाने झाकून टाकतो. दारावर 'टेस्टिंग' अशी पाटी. ज्या बाई रोज हसतात, त्या हातातल्या कागदावरच्या सूचना शब्दन्‌शब्द वाचून दाखवतात, कारण त्यांना तसंच वाचावं लागतं. मध्येच प्रश्न विचारला तर 'तुला जमेल तसं कर' याच्यापलीकडे त्या काही बोलू शकत नाहीत. रागावलेल्या नसतात. कच्चा कागदसुद्धा शेवटी मोजून परत घेतात. वेळेचं बंधन मात्र नाही, ज्याला जास्त वेळ हवा त्याला तो मिळतो. आपल्याकडे शेवटची घंटा आणि 'पेपर खाली ठेवा'ची दहशत असते, तशी ती नाही. आणि त्या सकाळी 'नीट वाच हं, घाई करू नकोस, काल काय सांगितलं?' हे दारातलं भाषण बंद. डब्यात काय दिलंय तेवढंच सांगा.

निकाल चार आकडी येईल. २४३६ असं काहीतरी दिसेल. तिसरीच्या गणितात अपेक्षित पातळी बरोबर २४३६ ला सुरू होते, म्हणून तोच आकडा दिला. तो 'पैकी' नसतो. फॅमिली ग्रुपवर टाकू नका, एवढं माझं ऐका.

धाकट्याच्या फॉर्मबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. खरं लिहा. मराठी लिहा.

त्या फॉर्मवर चार प्रश्न असतात : मूल बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरी जास्त कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता, आणि घरातली मोठी माणसं आपसांत कोणती बोलतात. पहिल्या तिन्हींपैकी कुठेही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा आली की शाळा त्याची इंग्रजी तपासते. त्या परीक्षेचं नाव एल्पॅक, आणि शाळेत दाखल झाल्यापासून तीस दिवसांत ती घ्यावी लागते. स्टेटच्या परीक्षेसारखी चिठ्ठी यात चालत नाही. किंडरगार्टनच्या मुलाची ती एकट्याने होते. समोर एक शिक्षिका, चित्रांचं पुस्तक, आणि 'यात काय चाललंय ते सांग' असा प्रकार. ज्या मुलाला घरी गोष्टी सांगितल्या जातात, ते तिथेही बोलतं. इंग्रजी पुरेशी आहे असं ठरलं की विषय तिथेच संपतो, पुढे ही परीक्षा पुन्हा कधी नाही. नाही ठरलं, तर त्याला रोज इंग्रजीची जादा शिकवणी मिळते, फुकट, शाळेच्या वेळेत. आणि मग दर वसंतात परीक्षा, जोवर तो त्या यादीतून बाहेर पडत नाही तोवर.

मैत्रिणींच्या भीतीत तथ्य नाही असं नाही. काही मुलं त्या यादीत वर्षानुवर्षं अडकतात, आणि सहावी-सातवीत चित्रकला किंवा बँडच्या तासाच्या जागी इंग्रजीचा जादा तास येतो. तसं होऊ द्यायचं नसेल तर लक्ष ठेवा. यादीतून काढताना चार गोष्टी पाहतात : एल्पॅकचा निकाल, शिक्षकाचं मत, मूलभूत कौशल्यं, आणि पालकांचं मत. हो, चौथं तुमचंच आहे. तिसरीपर्यंत तो बाहेर आला नसेल, तर मीटिंग मागा.

पण फॉर्मवर इंग्लिश लिहिलं आणि त्याला खरोखरच मदतीची गरज असली, तर ती मिळायचा रस्ता तुम्ही स्वतः बंद केला. शिवाय, मुलाच्या शाळेच्या पहिल्याच कागदावर घरची भाषा खोडून टाकायची... जाऊ दे, यावर मी जास्त बोलले तर सदर संपायचं नाही.

एक परीक्षा मात्र चुकवू नका. कॅलिफोर्नियात २०२५-२६ पासून किंडरगार्टन ते दुसरीच्या मुलांची वाचनातल्या अडचणींसाठी, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरेसाठी, छोटी तपासणी दरवर्षी होते. पालक नाही म्हणू शकतात. म्हणू नका. चौथीत 'लक्षच देत नाही' म्हणून ओरडा खाणारी, आणि खरं तर अक्षरं न लागणारी मुलं मी पाहिली आहेत. ती सहा वर्षांची असताना कोणीतरी दहा मिनिटं बसायला हवं होतं.

शेजारच्या मुलाचं थोडक्यात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅल स्टेट ही इथली सरकारी विद्यापीठं प्रवेशासाठी एसएटी बघतच नाहीत. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, नंतर कॅलटेक आणि स्टॅनफर्डनेही. तुमची मुलगी अर्ज करेल तेव्हा काय असेल, यावर पैज लावून आठ वर्षं काढू नका. आणि तो क्लास : एसएटी आता कॉम्प्युटरवर सव्वादोन तासांच्या आत संपते, सरावाच्या पूर्ण परीक्षा ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डच्या ॲपवर आणि धडे खान अकॅडमीवर फुकट आहेत. नववीतल्या मुलाने त्यापेक्षा पुस्तकं वाचावीत, असं माझं मत. त्याच्या आईला सांगायला जाऊ नका मात्र.

उरले सासरे. त्यांना पर्सेंटाइल समजावत बसू नका. हेडमास्तरांना समजावणं आणि त्यांनी ते ऐकणं, दोन्ही कठीण. त्यांना काम द्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे येणारी ती कदाचित शेवटची पिढी, आणि तुमच्या मुलीला तिसरीत नेमके अपूर्णांक आहेत. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल लावा, सांगलीत तेव्हा रविवारची सकाळ असते, साडेआठ. चहा झालेला असेल. रिपोर्टचा विषय काढायचा नाही ही एकच अट. मार्चमध्ये इथलं घड्याळ तासाने पुढे गेलं की सांगलीत किती वाजलेले असतील, ते तिलाच विचारून आजोबांना कळवा.